बटाट्याचा करपा : अंदाज हवेचा, खात्री शिवाराची

बटाट्याच्या शेतात उशिरा येणाऱ्या करप्याचा जो डाग पहिला म्हणून दिसतो, तो बहुधा पहिला नसतो. या रोगाची तीव्रता मोजण्यासाठी ब्रिटनमधील कवकशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये एक मोजपट्टी ठरवली. तिच्यावर ०.१ टक्का रोग म्हणजे साधारण १२ यार्ड त्रिज्येच्या वर्तुळात जेमतेम एक-दोन डाग. १ टक्का म्हणजे प्रत्येक झाडावर दहापर्यंत डाग. दाट हिरव्या पाल्यात ते एक-दोन डाग हेरणे कसलेल्या माणसालाही अवघड जाते. पण हवा अनुकूल असेल आणि फवारणी नसेल, तर १ टक्क्यापासून अख्खा पाला काळा पडेपर्यंत दहा-पंधरा दिवस पुरतात. त्यामुळे औषध कोणते, यापेक्षा वेळ कोणती, हा प्रश्न इथे मोठा ठरतो. पहिली लागण किती लवकर कळते, कशावरून कळते आणि कळल्यावर ती कोणाच्या कानावर जाते?

गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळ्या बाजूंनी हात घातला गेला. हवामानशास्त्रज्ञांनी नियम बसवले, शेतकरी आणि सल्लागारांनी शिवारे पालथी घातली, जनुकशास्त्रज्ञांनी रोगाचे वंश ओळखले, अभियंत्यांनी सापळे आणि कॅमेरे आणले. या साऱ्याचा हिशेब मांडला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. हवा सांगते ती शक्यता, रोग आला की नाही हे फक्त शेत सांगते. जिथे या दोन नोंदी एकत्र आल्या तिथे पाळत यशस्वी झाली. जिथे त्या वेगळ्या राहिल्या तिथे उत्तम संगणकी प्रारूपेही अर्धीच उपयोगी पडली.

घाई कशासाठी?

या रोगाचे कारण ‘फायटोप्थोरा इन्फेस्टन्स’. हे नाव त्याला जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७६ मध्ये दिले. बोलताना आपण त्याला बुरशी म्हणतो, पण खऱ्या बुरशींच्या कुळात तो बसत नाही. द्राक्षावरचा डाऊनी आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीवरचा कोळेरोग हे त्याचे भाऊबंद. ओलावा आणि गारवा हे या साऱ्यांचे बळ.

पानावर पडलेला बीजाणू १० ते १५ अंशांच्या गारव्यात फुटतो आणि त्यातून पाण्यात पोहणारे सूक्ष्म बीजाणू निघतात. पान काही तास ओले राहिले की ते आत शिरतात. हवा थोडी उबदार असेल तर मूळ बीजाणू थेटही रुजतो. तीन ते पाच दिवसांत डाग उमटतो, दमट रात्रीनंतर पानाच्या मागच्या बाजूला डागाच्या कडेने पांढरी लव येते आणि तिथून नवे बीजाणू वाऱ्यावर स्वार होतात. स्वच्छ उन्हात त्यातले बहुतेक तासाभरात मरतात. आभाळ भरलेले असेल तर मात्र ते कित्येक तास जिवंत राहतात आणि दूरच्या शिवारापर्यंत पोचतात.

दक्षिण आफ्रिकेचे शास्त्रज्ञ व्हान डर प्लांक यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात अशा रोगांच्या वाढीला चक्रवाढ व्याजाची उपमा दिली. मुद्दल थोडे, पण दर चार-पाच दिवसांनी व्याज मुद्दलात मिळते. म्हणूनच सुरुवातीची एक पिढी रोखली तर पुढचा सगळा हिशेब बदलतो. स्पर्शजन्य बुरशीनाशक लागण होण्याआधी पानावर असेल तरच राखण करते. आंतरप्रवाही औषध लागणीनंतरही काही काळ चालते, पण तो काळ मोजक्या दिवसांचा असतो. पाळत ठेवायची ती हे दिवस हातचे जाऊ नयेत म्हणून.

हवेचे नियम

करप्याने १८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियम गाठले आणि सप्टेंबरात तो आयर्लंडमध्ये जाहीर झाला. पुढच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. त्या वर्षीची हवा सततची ओली होती हे लोकांनी पाहिले होते, पण हवा हेच कारण की हवेचा फायदा घेणारा कोणी जीव, यावर विद्वानांत वाद रंगला. दोष जीवाचा हे द बारी यांनी १८६१ मध्ये प्रयोगांनी सिद्ध केले. हवेचा वाटा किती, हे आकड्यांत मांडायला आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली.

नेदरलँड्समध्ये व्हान एव्हरडिंगेन यांनी १९२६ मध्ये चार अटी मांडल्या. रात्री किमान चार तास दव, तापमान १० अंशांखाली न जाणे, दुसऱ्या दिवशी ढगाळ आकाश आणि थोडा तरी पाऊस. चारही जुळल्या की इशारा. इंग्लंडमध्ये ब्यूमाँट यांनी १९४७ मध्ये दवाची अट वगळली, कारण दव मोजणे कठीण होते. सलग ४८ तास किमान तापमान १० अंश आणि आर्द्रता ७५ टक्क्यांहून कमी नाही, एवढेच त्यांनी पाहिले. १९५६ मध्ये स्मिथ यांनी ही कसोटी घट्ट केली. सलग दोन दिवस किमान १० अंश आणि दोन्ही दिवशी किमान ११ तास ९० टक्के आर्द्रता. आयर्लंडमध्ये ऑस्टिन बर्क यांनी १९५३ मध्ये आपले नियम दिले आणि त्या देशाचा हवामान विभाग आजही हंगामात करप्याचे इशारे देतो. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ‘ब्लाइटकास्ट’ आले आणि हे गणित संगणकावर चढले.

भारतात हा रोग १८७० ते १८८० च्या दरम्यान निलगिरीत पहिल्यांदा नोंदला गेला, पुढे दार्जिलिंगच्या डोंगरांत आणि मग मैदानात. मैदानातला बटाटा हिवाळ्यात होतो. तिथे पाऊस नसतानाही धुके आणि दव पाने ओली ठेवतात, त्यामुळे युरोपातले नियम जसेच्या तसे चालत नाहीत. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने पश्चिम उत्तर प्रदेशासाठी ‘झुलसाकास्ट’ बसवले, त्यात पावसाच्या वर्षाची कसोटी वेगळी आणि कोरड्या वर्षाची वेगळी ठेवली. त्यानंतर त्याच संस्थेने रोजचे तापमान आणि आर्द्रता एवढ्यावर चालणारे, देशभरासाठीचे ‘इंडो-ब्लाइटकास्ट’ तयार केले. तासातासाच्या नोंदी मिळत नाहीत अशा देशासाठी ही तडजोड शहाणपणाची होती.

नियम कुठे अडतात

स्मिथ यांचा नियम ब्रिटनमध्ये साठ वर्षे चालला. दरम्यान रोगाचे नवे, अधिक आक्रमक वंश आले आणि इशारा नसतानाही शेते करपू लागली. स्कॉटलंडच्या जेम्स हटन संस्थेतील संशोधकांनी देशभरातल्या प्रत्यक्ष उद्रेकांच्या नोंदी घेऊन नियम तपासला तेव्हा ११ तासांची अट जास्त कडक असल्याचे दिसले. २०१७ मध्ये तिच्या जागी ‘हटन कसोटी’ आली. तापमानाची अट तीच, पण ९० टक्के आर्द्रतेचे तास ११ वरून ६ वर आले.

या बदलातला धडा कसोटीच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. नियम चुकतो आहे हे कळले, कारण कुठल्या शेतात, कोणत्या तारखेला रोग दिसला याची वर्षानुवर्षांची वही कोणीतरी ठेवली होती. ती वही नसती तर जुना नियम आजही बिनबोभाट चालू राहिला असता आणि दोष औषधाला किंवा शेतकऱ्याला लागला असता.

दुसरी अडचण उलट्या टोकाची. मेक्सिकोचे टोलुका खोरे किंवा इक्वाडोरचे उंच डोंगर इथे हंगामभर हवा करप्याला पोषकच असते. अशा ठिकाणी हवामानाचा नियम रोजच ‘धोका’ म्हणतो आणि रोजचा इशारा हा इशारा राहत नाही. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने अँडीजमधल्या लहान शेतकऱ्यांसाठी म्हणून वेगळी वाट धरली. पुठ्ठ्याच्या फिरत्या चकत्यांवर शेतकरी तीनच गोष्टी जुळवतो: वाण किती प्रतिकारक्षम, शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले आणि मधल्या काळात पाऊस किती. उत्तर मिळते ते फवारायचे की थांबायचे. ना इंटरनेट, ना वीज. धोका कायमचाच असेल तर धोक्याचा अंदाज सांगण्यात अर्थ नाही, निर्णय सोपा करण्यात आहे, हे या चकत्यांनी ओळखले.

शेतातले डोळे

शेतातल्या नोंदींची सर्वांत शिस्तबद्ध व्यवस्था ब्रिटनमध्ये उभी राहिली. ‘फाइट अगेन्स्ट ब्लाइट’ नावाच्या मोहिमेत २००३ पासून शेतकरी आणि पीक सल्लागार स्वयंसेवक म्हणून शेते पाहतात, संशयित पाने प्रयोगशाळेत पाठवतात आणि खात्री झाली की ती जागा नकाशावर येते. आसपासच्या शेतकऱ्यांना सूचना जाते. युरोपात ‘युरोब्लाइट’ हे जाळे हेच काम देशांच्या सीमा ओलांडून करते. पानावरचा डाग एका खास कागदावर दाबला की रोगजीव मरतो, पण त्याचा डीएनए टिकतो. असा कागद साध्या टपालाने पाठवता येतो, त्यामुळे रोग पसरवण्याचा धोका न पत्करता खेड्यातून प्रयोगशाळेपर्यंत नमुना जातो.

अमेरिकेला या शिस्तीची गरज २००९ मध्ये कळली. त्या वर्षी ईशान्येकडील राज्यांत मोठ्या दुकानांतून विकल्या गेलेल्या टोमॅटोच्या रोपांबरोबर करपा घरोघरच्या परसात गेला. पावसाळी उन्हाळ्याने बाकीचे काम केले. बटाट्याच्या व्यावसायिक शेतांवर पाळत होती, पण परसबागेतल्या टोमॅटोकडे कोणी पाहत नव्हते. त्यानंतर तिथे राज्याराज्यांतल्या नोंदी एकाच नकाशावर आणणारी व्यवस्था सुरू झाली.

रोगाचा उगम कुठे शोधायचा याचा अंदाज आता पक्का आहे. लागण झालेले बेणे, काढणीनंतर बांधावर टाकलेले सडके बटाटे, मागच्या हंगामातले राहिलेले कंद उगवून आलेली झाडे आणि शेजारचा टोमॅटो. पहिले ठिपके बहुधा सखल, धुके रेंगाळणाऱ्या कोपऱ्यात, झाडांच्या सावलीत किंवा तुषार सिंचनाच्या पट्ट्यात दिसतात. हे ठाऊक असलेला माणूस अर्ध्या तासात जे पाहतो, ते सरसकट सगळे शेत फिरणाऱ्याला दिवसभरात दिसत नाही.

कोणता करपा आला?

रोग आला हे कळणे पुरेसे नाही. कोणता वंश आला, हेही कळावे लागते. मेटॅलॅक्झिल हे आंतरप्रवाही औषध १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि १९८० मध्येच आयर्लंड व नेदरलँड्समध्ये त्याला न जुमानणारा करपा आढळला. २००४ च्या सुमारास युरोपात पहिल्यांदा दिसलेला ‘१३-ए२’ हा वंश मेटॅलॅक्झिलला दाद देत नव्हता आणि आक्रमकही होता. काही वर्षांत तो भारतात दिसला. २००९-१० च्या सुमारास नैऋत्य भारतात टोमॅटोवर आलेल्या मोठ्या उद्रेकांमागे हाच वंश होता, असे नंतरच्या अभ्यासात स्पष्ट झाले. पुढे पश्चिम बंगालच्या बटाट्यातही तो सापडला.

युरोपात वंशांची नोंद सतत ठेवली जाते, म्हणून तिथे सल्ला वेळेत बदलता येतो. ‘३७-ए२’ या वंशावर फ्लुअझिनाम कमी चालते हे लक्षात येताच त्या औषधाचा वापर खाली आला. अलीकडे डेन्मार्कमध्ये दिसलेल्या ‘४३-ए१’ या वंशावर मँडीप्रोपॅमिडच्या गटातील औषधे फिकी पडली, तेव्हा शेजारच्या देशांना सावध होता आले. ही माहिती नसेल तर शेतकरी तेच औषध दुप्पट मात्रेने मारत राहतो. पैसे जातात, रोग राहतो आणि प्रतिकारक वंशालाच रान मोकळे मिळते.

सापळे, वर्णपट आणि मोबाइल

डाग उमटण्याआधीच रोग पकडण्याची धडपड तीन दिशांनी चालू आहे. पहिली हवेतल्या बीजाणूंच्या सापळ्यांची. फिरत्या दांड्या किंवा हवा ओढणारी यंत्रे बीजाणू गोळा करतात आणि डीएनए चाचणीने ते करप्याचेच आहेत का हे ठरते. कॅनडात बटाट्याच्या भागांत असे सापळे वापरले जातात. त्यांची मर्यादा अशी की सापळा आपल्या जागेपुरते सांगतो आणि बीजाणू सापडला म्हणजे तो जिवंत होता, असे होत नाही. पण ‘या भागात रोग पोचला आहे का’ या प्रश्नाचे उत्तर हवामानाच्या नियमापेक्षा सापळाच सरळ देतो.

दुसरी दिशा वर्णपटाची. आजारी पान दिसायला हिरवे असतानाच काही तरंगलांबीचा प्रकाश निराळ्या प्रकारे परावर्तित करते. नियंत्रित परिस्थितीत, पानागणिक मोजणी करून, डाग दिसण्याआधी हा फरक टिपता आला आहे. ड्रोनवरून मात्र वारा, सावल्या, पाण्याचा ताण आणि नत्राची कमतरता या सगळ्यांचे ठसे एकमेकांत मिसळतात. आज ड्रोन शेतातला संशयित कोपरा दाखवतो, तिथे जाऊन पान उलटून पाहायला माणूसच लागतो.

तिसरी दिशा मोबाइलवरच्या छायाचित्रांची. २०१६ मध्ये ५४ हजारांवर पानांच्या छायाचित्रांवर शिकवलेल्या एका संगणकी प्रारूपाने त्याच संचातल्या वेगळ्या काढलेल्या छायाचित्रांत ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता दाखवली. त्या संचात बटाट्याचे लवकर येणारा आणि उशिरा येणारा असे दोन्ही करपे होते. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या छायाचित्रांवर हीच अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, हे त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवले. साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेले एकेकटे पान आणि चिखल, सावली, दव यांनी माखलेला खराखुरा पाला यांत एवढे अंतर आहे. त्यानंतर प्रारूपे सुधारली आहेत, तरी शेतकऱ्याच्या हातात ‘ॲप’ देताना हा आकडा विसरून चालणार नाही.

निरोप पोचतो का?

पाळतीचा शेवटचा टप्पा निरोपाचा, आणि तो बऱ्याचदा सर्वांत कच्चा असतो. डच सरकारच्या मदतीने बांगलादेशात चालवलेल्या ‘जिओपोटॅटो’ प्रकल्पाने उपग्रहाची माहिती, हवामानाचा अंदाज आणि पिकाच्या वाढीचे गणित एकत्र करून शेतकऱ्यांना बंगालीत लघुसंदेश आणि ध्वनिसंदेश पाठवले. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकता आले. संदेशात धोका किती टक्के, हे आकडे नव्हते. कधी फवारावे, हे होते.

इशारा किती सैल ठेवायचा हाही प्रश्नच. नियम फार सैल केला तर दर आठवड्याला फवारणी करावी लागते आणि पाळतीचा फायदाच उरत नाही. फार घट्ट केला तर एक चुकलेला इशारा अख्खे पीक घेऊन जातो. फवारणीच्या खर्चापेक्षा पीक गमावण्याचा फटका कितीतरी मोठा असतो, म्हणून शेतकरी खोट्या इशाऱ्याला माफ करतो, चुकलेल्या इशाऱ्याला नाही. नियम बसवणाऱ्यांनी हे गणित शेतकऱ्याच्या बाजूने सोडवले पाहिजे.

महाराष्ट्रापुरते

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातले सातगाव पठार आणि साताऱ्याचा खटाव हे खरीप बटाट्याचे नावाजलेले भाग. लागवड पावसाच्या तोंडावर होते आणि पीक श्रावण-भाद्रपदाच्या झडीत वाढते. म्हणजे आपली गत उत्तर प्रदेशापेक्षा टोलुका खोऱ्याच्या जवळची. पाऊस लागून राहिला की हवामानाचा कोणताही नियम आठवडेच्या आठवडे ‘धोका’ म्हणेल. उघडीप कधी आहे आणि शेवटच्या फवारणीवर किती पाऊस पडला, हे सांगणारी साधी व्यवस्था इथे जास्त कामाची. रब्बीच्या पिकात मात्र ढगाळ, धुकट दिवसांचे इशारे खरोखर उपयोगी पडतील.

त्यासाठी लागणारी सामग्री नव्याने आणावी लागणार नाही. २०१७ पासून ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांच्या पातळीवर तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस नोंदवत आहेत. सोयाबीन, कापसासारख्या पिकांत ठरावीक शेते नियमित पाहून किडी-रोगांची नोंद करण्याची ‘क्रॉपसॅप’ची पद्धत २००९-१० पासून रुळली आहे. द्राक्षबागायतदार तर पानाच्या ओलाव्यावरून डाऊनीची फवारणी ठरवायला केव्हाच शिकले. याच धर्तीवर बटाटा आणि टोमॅटो हे एकाच रोगाचे दोन यजमान धरून त्यांची पाहणी एकत्र व्हायला हवी. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात दोन्ही पिके शेजारी उभी असताना एकावर पाळत आणि दुसऱ्याकडे पाठ हे परवडणारे नाही. मंचर भागात येणारे बरेचसे बेणे पंजाबातून येते. ते उतरवतानाच काही कंद कापून आत तांबूस-तपकिरी कूज आहे का, हे पाहणे ही सर्वांत स्वस्त पाळत आहे. आणि सापडलेल्या करप्याचा वंश तपासण्यासाठी दर हंगामात थोडे नमुने कृषी विद्यापीठांमार्फत गेले, तर औषधाचा सल्ला अंदाजावर राहणार नाही.

शेतकऱ्याच्या हातात असलेले काम याहून सोपे आहे. सकाळी दव असताना शेताचा सखल कोपरा आधी पाहा. जुन्या पानांवर वर्तुळाकार कड्यांचे कोरडे तपकिरी डाग दिसले तर तो बहुधा लवकर येणारा करपा असतो. पाणी प्यायल्यासारखा, फिकट कडेचा डाग आणि पानामागे पांढरी लव दिसली तर तो उशिरा येणारा. दुसरा दिसला तर फक्त फवारणी करून गप्प बसू नका. त्याच दिवशी कृषी सहायकाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवा आणि शेजाऱ्यालाही सांगा. आपल्या शेतात रोग आला हे सांगण्यात कमीपणा नाही. तुमच्या त्या एका नोंदीने आजूबाजूच्या पन्नास शेतांची फवारणी वेळेवर होऊ शकते.